एमआरआय झाला, पण तुलना कशाशी?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मेंदूच्या तपासणीच्या नव्या यंत्रांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. एकदा भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेली शिक्षिका म्हणून आणि दुसऱ्यांदा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, झालेल्या मुलीची आई म्हणून. पहिल्या वाचनात लेख आवडला. दुसऱ्या वाचनात एक गोष्ट खटकली आणि तिच्यासाठीच हे पत्र. लेखाचा सगळा रोख असा आहे की चुंबक जितके बलवान तितका आजार अधिक उमजतो, तेव्हा रुग्णाने पदरमोड करून का होईना, पण मोठ्यात मोठ्या यंत्राकडे जावे. आमचा अनुभव निराळा आहे. या आजारात एका सुट्या एमआरआयवरून निदानाला मदत होते हे खरे, परंतु पुढे वर्षानुवर्षे जो प्रश्न पडतो तो ‘डाग (चित्रात दिसणाऱ्या आजाराच्या खुणा) किती?’ हा नसून ‘मागच्या वेळेपेक्षा काय बदलले?’ हा असतो. आणि त्याचे उत्तर खरे यायचे असेल तर दोन्ही तपासण्या एकाच पद्धतीने झालेल्या असाव्या लागतात. हे साधे पथ्य आपल्याकडे फारसे कोणी पाळत नाही, आणि ते पाळले न गेल्याने काय होते हे आम्ही भोगले आहे.

२०१७ च्या संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला माझी धाकटी मुलगी, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, करंडा हातात घेऊन दारात उभी होती. आलेल्या बायकांना कुंकू लावता लावता ती मध्येच थांबली, एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला आणि मला म्हणाली, “आई, या कुंकवात काही मिसळलंय का गं? डाव्या डोळ्यानं विटकरी दिसतंय.” डोळा हलवला की आत दुखते, हे तिने दोन दिवस अंगावर काढले होते. लाल रंग फिका पडणे आणि डोळा फिरवताना दुखणे ही डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेला सूज आल्याची पाठ्यपुस्तकी लक्षणे आहेत, हे आम्हाला नंतर कळले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यात दोष काही दिसत नाही असे सांगून लगेच मेंदूचा एमआरआय करायला पाठवले, आणि त्यांचे हे उपकार आम्ही विसरलेलो नाही, कारण कित्येकांची या टप्प्यावरच चष्म्याचा नंबर बदलून बोळवण होते.

एमएसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या वेष्टनावर उलटते. विजेच्या तारेवरचे रबर जागोजागी सोलले गेल्यावर जे होते तेच येथे होते: संदेश अडखळतो, उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. पॅरिसमध्ये शार्को या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचे व्यवस्थित वर्णन केले, पण त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ही सोललेली ठिकाणे जिवंत माणसात कोणाला नीट पाहता आली नव्हती. सीटी स्कॅनमध्ये ती जेमतेम दिसत. १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये इयन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएसचे दहा रुग्ण चुंबकीय यंत्रात तपासले. सीटीवर या दहा जणांत मिळून १९ डाग दिसले होते. नव्या यंत्रात ते तर दिसलेच, शिवाय आणखी ११२ दिसले. मला हा आकडा आजही थरारक वाटतो. त्याच हॉस्पिटलात पुढे १९९० नंतरच्या वर्षांत फ्लेअर नावाची पद्धत निघाली, जिच्यात मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांची चमक दाबून टाकतात आणि त्या पोकळ्यांना लागून असलेले डाग उठून दिसतात. एमएसचे डाग नेमके तेथेच जास्त असल्याने आजही रिपोर्टात पहिले नाव फ्लेअरचेच असते.

शिक्षिकेची खोड जात नाही म्हणून सांगते. पाण्यातील हायड्रोजनचे केंद्रक १ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाचे बळ मोजण्याचे एकक) चुंबकात सेकंदाला सुमारे ४.२६ कोटी वेळा भिरभिरते. म्हणजे दीड टेस्लाच्या यंत्रात ही गती ६४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६.४ कोटी वेळांच्या, जवळ येते आणि ३ टेस्लात १२८ च्या जवळ. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ च्या पट्ट्यात, म्हणजे या दोहोंच्या बरोबर मध्ये वाजतो. एमआरआयची खोली धातूच्या पत्र्याने मढवलेली असते ती यासाठीच, की बाहेरच्या रेडिओलहरींची खरखर चित्रात उतरू नये. एकूण काय, यंत्र पाण्याचा आवाज ऐकत असते. म्हणून फ्लेअरमध्ये पांढरा डाग दिसतो तेव्हा त्याचा प्रामाणिक अर्थ एवढाच असतो की येथे पाण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आहे. ते सुजेमुळे, मायलिन गेल्यामुळे, रक्तवाहिनीच्या आजारामुळे की जुन्या व्रणामुळे, हे त्या पांढऱ्या ठिपक्यावर लिहिलेले नसते. आता ज्या नव्या पद्धती येत आहेत त्यांची सगळी धडपड त्या ठिपक्याच्या आत डोकावण्याची आहे, आणि त्या मला चुंबकाच्या आकारापेक्षा कितीतरी अधिक मोलाच्या वाटतात. त्यांच्याकडे मी वळणारच आहे, पण आधी आमची हकीकत.

निदानानंतर औषध सुरू झाले आणि दरवर्षी एमआरआय होऊ लागला. २०२१ मध्ये तो एका केंद्रात दीड टेस्लाच्या यंत्रावर झाला. पुढच्या वर्षी कोणीतरी सांगितले की अमुक ठिकाणी ३ टेस्लाचे नवे यंत्र आले आहे, तेव्हा आम्ही आपल्या लेखाने दिलेलाच सल्ला आधीच अमलात आणून तेथे गेलो. रिपोर्टात लिहिले होते: मागील तपासणीच्या तुलनेत तीन नवे डाग. मुलीला काहीही त्रास नव्हता. ती बँकेत नियमित जात होती, जिना चढत होती. पण एमएसमध्ये झटके, म्हणजे अचानक उफाळून येणारा त्रास, येतात त्याच्या पाच ते दहा पट नवे डाग न बोलता उमटतात, हे आमच्या डॉक्टरांनी पूर्वीच समजावलेले असल्याने ‘त्रास नाही’ या समाधानाला फारसा आधार नव्हता. तीन नवे डाग म्हणजे चालू औषध पुरे पडत नाही, असाच अर्थ निघत होता. अधिक जहाल औषधाची भाषा सुरू झाली, त्याआधीच्या रक्ततपासण्यांची यादी हातात आली, आणि त्या औषधामुळे क्वचित मेंदूत होऊ शकणाऱ्या संसर्गाबद्दलच्या संमतिपत्रावर मुलीने सही करायची होती.

तिने सही केली नाही. ती म्हणाली, “आई, एकदा दोन्ही फिल्म शेजारी शेजारी ठेवून कोणीतरी बघू दे.” मी त्या रात्री जेवणघराच्या खिडकीच्या काचेवर दोन्ही वर्षांच्या फिल्म चिकटवून मागे टेबललॅम्प लावला आणि तासभर पाहत बसले. काही जुळेना. एका वर्षी मान किंचित खाली झुकलेली, दुसऱ्या वर्षी सरळ. एकात चोवीस चित्रे, दुसऱ्यात चाळिसाच्या घरात. कोणत्या चित्राशी कोणते चित्र लावायचे तेच समजत नव्हते. आठवड्याने ताज एक्सप्रेसने दिल्ली गाठली आणि केवळ मेंदूची चित्रे वाचणाऱ्या एका तज्ज्ञापुढे दोन्ही सीडी ठेवल्या. त्यातली एक उघडतच नव्हती. ती उघडायला जुना संगणक आणावा लागला आणि अर्धा दिवस त्यातच गेला.

मग त्यांनी दोन्ही तपासण्या पडद्यावर ओळीने लावल्या आणि मला, बहुधा माझ्या प्रश्नांना कंटाळून, शेजारी खुर्ची दिली. जुन्या तपासणीत मेंदूचे काप, म्हणजे यंत्राने चित्रांत पाडलेले थर, पाच मिलिमीटर जाडीचे होते आणि दोन कापांमध्ये दीड मिलिमीटर जागा सोडलेली होती. नव्यात काप तीन मिलिमीटरचे, मध्ये जागा नाही. अळूवडीचा उंडा कापताना दर दोन वड्यांमधली एक पातळ चकती टाकून द्यावी आणि एखादा खडा नेमका त्या चकतीत असावा, तर आपण वडीत खडा नाही असे म्हणू. तसेच झाले होते. तीनपैकी दोन डाग जुन्या चित्रांतही पुसटसे होते, जाड कापात आजूबाजूच्या निरोगी भागाशी मिसळून गेल्याने ते कोणी टिपले नव्हते. तिसऱ्याबद्दल ते म्हणाले, “या जागेचा काप जुन्या तपासणीत घेतलेलाच नाही. हा नवा आहे की जुना, हे आता जगातले कोणतेच यंत्र सांगू शकणार नाही.” औषध बदलू नये, सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर त्याच पद्धतीने पुन्हा तपासावे, असे ठरले. सहा महिन्यांनी काही नवे निघाले नाही. त्यानंतरच्या तपासण्यांतही नाही.

मी येथे कोणत्याही केंद्राचे नाव घेत नाही, कारण दोघांचीही स्वतंत्रपणे पाहता चूक म्हणावी अशी काही नव्हती. पहिल्याने डोकेदुखीच्या रुग्णाला पुरतो तसा नेहमीचा मेंदूचा स्कॅन काढला आणि दुसऱ्याने आपल्या चांगल्या यंत्रावर चांगला काढला. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘एमआरआय ब्रेन’ एवढेच दोन शब्द लिहिले होते आणि आम्ही जुनी सीडी बरोबर नेली नव्हती, फक्त जुना रिपोर्ट नेला होता. रिपोर्टाची रिपोर्टाशी तुलना झाली, चित्रांची चित्रांशी झाली नाही. दोष वाटायचाच झाला तर तो सर्वांमध्ये वाटावा लागेल आणि त्यात माझाही वाटा आहे; मोजमापाची साधने बदलली की वाचने ताडून पाहू नयेत, हे मीच वर्गात शिकवत आले होते.

या सगळ्याला जगात काही शिस्त आहे, ती आपल्या वाचकांना माहीत असावी. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील एमएसच्या तज्ज्ञांच्या गटांनी एकत्र येऊन २०२१ मध्ये एमआरआयविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत ३ टेस्ला यंत्र मिळाल्यास चांगले, पण दीड टेस्लाही चालते, असे म्हटले आहे. भर दिला आहे तो पद्धतीवर: फ्लेअर थ्रीडी घ्यावा, म्हणजे चौकोनी ठोकळ्यांप्रमाणे सर्व बाजूंनी एक मिलिमीटरचा, ज्यात मध्ये काही सुटत नाही आणि मान कशीही वळलेली असली तरी संगणकावर चित्र फिरवून जुन्याशी जुळवता येते. उपचार सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एक नवी पायाभूत तपासणी करावी, कारण औषधाचा अंमल बसण्याआधी आलेले डाग औषधाच्या नावावर पडू नयेत. आणि पुढे साधारण दरवर्षी, शक्यतो त्याच यंत्रावर, तीच पद्धत. थ्रीडी फ्लेअरसाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागते असेही नाही. आज वापरात असलेल्या बहुतेक दीड टेस्ला यंत्रांत तो घेता येतो, फक्त काही मिनिटे जास्त लागतात, आणि बाहेर बाकावर पुढचा रुग्ण खोळंबलेला असतो.

ही शिस्त पाळली की आणखी एक फायदा पदरात पडतो, तो म्हणजे हातात सुई टोचावी लागत नाही. गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट इंजेक्शन दिल्यावर ताज्या सुजेचे डाग उजळतात, कारण तेथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध फुटलेला असतो. ही उजळणी साधारण दोन ते सहा आठवडे टिकते. निदानाच्या वेळी हे फार उपयोगी असते. एकाच तपासणीत काही डाग उजळलेले आणि काही न उजळलेले दिसले तर आजार वेगवेगळ्या वेळी येऊन गेला आहे हे कळते, आणि इयन मॅकडोनाल्ड या डॉक्टरांच्या नावाने २००१ पासून चालत आलेल्या निदानाच्या निकषांत याला पुराव्याचे स्थान आहे. परंतु दरवर्षी ते इंजेक्शन देण्याची गरज नाही, असे याच शिफारशी सांगतात. जुने आणि नवे चित्र नीट जुळत असेल तर नवा डाग कॉन्ट्रास्टशिवायही सापडतो. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी वारंवार गॅडोलिनियम घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचे अंश साठून राहिल्याचे दाखवून दिले आणि २०१७ मध्ये युरोपने त्यातल्या रेषीय रचनेच्या बऱ्याच औषधांचा वापर थांबवला. त्या साठ्यामुळे मेंदूला इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही, हे सांगणे आवश्यक आहे, नाहीतर वाचक उगाच घाबरतील. पण गरज नसताना तिशीतल्या मुलीने पुढची चाळीस वर्षे दरवर्षी ते का घ्यावे?

आता त्या ठिपक्याच्या आत डोकावणाऱ्या पद्धतींकडे येते. एमएसचा डाग बहुधा एखाद्या बारीक शिरेभोवती तयार होतो. एडिंबरोच्या डॉसन यांनी १९१६ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिले होते, आणि पोकळ्यांपासून बोटांसारखे बाहेर निघणारे हे डाग आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. लोहाला आणि शिरेतल्या रक्ताला संवेदनशील असलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या चित्रणात ती शीर पांढऱ्या डागाच्या मधोमध काळ्या रेघेसारखी दिसते. शंभरापैकी चाळीस किंवा त्याहून अधिक डागांत अशी रेघ असेल तर एमएसचा संशय बळावतो. अर्धशिशी, रक्तदाब किंवा मधुमेह यांमुळे पडलेल्या डागांत ती फारशी नसते. याचे महत्त्व मला स्वतःवरून पटले. मुलीच्या आजारपणाच्या धास्तीने डोके दुखते म्हणून माझाही एमआरआय काढला गेला आणि त्यात पाचसहा पांढरे ठिपके निघाले. घरात सुतकी वातावरण झाले. वयाच्या साठीनंतर आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना असे ठिपके निघणे केसांत पांढरी बट निघण्याइतके साधे आहे, हे नंतर कळले. पण माझ्या जागी तीस वर्षांची, अर्धशिशीची जुनी रुग्ण असती तर तिला भलत्याच आजाराची औषधे सुरू होण्याचा धोका होता, आणि असे चुकीचे निदान एमएसमध्ये मुळीच दुर्मीळ नाही.

दुसरी पद्धत डागाच्या काठाची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त विचारात पाडते. काही जुन्या डागांच्या कडेला लोह भरलेल्या पेशींचे रिंगण बसलेले असते. वरून हा डाग शांत दिसतो, कॉन्ट्रास्ट घेत नाही, मोजणीत तो ‘जुना, न बदललेला’ म्हणून जातो. आत मात्र शेणीच्या राखेखाली विस्तव धुमसावा तसा तो वर्षानुवर्षे धुमसत बाहेर सरकतो. ज्यांच्या मेंदूत असे रिंगणवाले डाग चार किंवा अधिक आहेत त्यांना अपंगत्व लवकर येते, असे अमेरिकेतील एका अभ्यासात २०१९ मध्ये दिसून आले. नवा झटका नाही, नवा डाग नाही, तरी चाल हळूहळू मंदावत जाते, याचे जे कोडे रुग्णांच्या घरच्यांना पडते, त्याच्या उत्तराचा एक भाग येथे असावा. २०२४ साली सुधारलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निदानाच्या निकषांत मधली शीर आणि हे रिंगण या दोन्ही खुणांना आता जागा मिळाली आहे, आणि डोळ्याची चेता हे डाग शोधण्याचे पाचवे स्थान म्हणून धरले गेले आहे. आमच्या कुंकवाच्या करंड्याला एवढी वर्षे निकषांत जागा नव्हती, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

तिसरी गोष्ट मेंदूच्या आकारमानाची. निरोगी प्रौढाचा मेंदू वर्षाला साधारण ०.१ ते ०.४ टक्के झिजतो, उपचार नसलेल्या एमएसमध्ये ०.५ ते १.३ टक्के. ही झीज मोजणारे संगणकीय कार्यक्रम आता मिळतात आणि काही केंद्रे रिपोर्टाबरोबर रंगीत आलेखही देतात. या आलेखांपासून मात्र सामान्य वाचकाने सांभाळून राहावे. अर्धा टक्का म्हणजे किती? पुरेसे पाणी न पिता केलेल्या तपासणीत मेंदू जवळजवळ तेवढाच आक्रसलेला भरतो. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये सकाळपासून उपाशी आणि तहानलेला रुग्ण दुपारी यंत्रात झोपवला आणि दुसऱ्या वर्षी तोच जानेवारीत चहा पिऊन आला, तर आलेखात मेंदू वाढल्याचेही दिसेल. सूज उतरवणारे औषध सुरू केल्यावर पहिल्या वर्षी आकारमान घटते तेही झीज म्हणून नव्हे. हजार रुग्णांच्या सरासरीत ही मोजणी उत्तम चालते. एका माणसाच्या एका वर्षाबद्दल ती अजून भरवशाने बोलत नाही. मायलिनमधले पाणी वेगळे मोजणे, मज्जातंतूंच्या जुड्यांतून पाणी कोणत्या दिशेने झिरपते ते पाहणे, याही पद्धती अजून मुख्यतः संशोधनाच्याच आहेत. त्या येतील तेव्हा येवोत.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. पारा ४५ च्या वर गेलेल्या एका दुपारी लाइट गेली होती, इन्व्हर्टरही बसला, आणि मुलीचा उजवा पाय उचलेना, डाव्या डोळ्यापुढे पुन्हा धुके आले. आम्ही झटका समजून स्टेरॉइडच्या सलाइनसाठी निघण्याच्या तयारीत होतो. फोनवर डॉक्टरांनी आधी थंड पाण्याने अंघोळ आणि दोन तास कूलरसमोर बसायला सांगितले. संध्याकाळी ती स्वतः चहा करत होती. शरीर तापले की सोललेल्या तारेतून संदेश जाणे आणखी कठीण होते. जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्ये हे टिपले. असा त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला आणि ताप किंवा संसर्ग नसला तरच तो झटका धरतात. शंका राहिलीच तर आधीच्या चांगल्या, जुळवता येईल अशा एमआरआयची गरज येथे पुन्हा लागते, कारण त्याच्याशी ताडूनच नवा डाग नाही हे ठरवता येते. आपल्या शहरात वर्षातले तीन महिने असे असतात.

पाठीच्या कण्याविषयी थोडक्यात. मज्जारज्जूची तपासणी खर्चामुळे बऱ्याचदा वगळली जाते, पण निदानाच्या वेळी ती टाळू नये. एमएसचा डाग तेथे सहसा आखूड असतो. तो तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब पसरलेला दिसला तर न्यूरोमायलायटिस ऑप्टिकासारख्या वेगळ्या आजाराचा विचार करून रक्तातील अँटिबॉडी तपासाव्या लागतात, कारण एमएसची काही औषधे त्या आजारात उलट अपाय करतात. आपल्या देशात क्षयरोगाच्या गाठीही याच्या वेशात येतात. यंत्र नुसते मोठे असून हा भेद होत नाही, वाचणारा जाणता लागतो.

माझे मागणे फार मोठे नाही. न्यूरोलॉजिस्टांनी चिठ्ठीवर ‘एमएसची तुलनात्मक तपासणी, थ्रीडी फ्लेअर’ एवढे लिहावे. केंद्रांनी जुनी चित्रे मागून घ्यावीत, आणि कापांची जाडी, यंत्र आणि कशाशी तुलना केली त्याची तारीख रिपोर्टाच्या पहिल्या ओळीत नोंदवावी. फिल्मच्या मोठ्या पाकिटाऐवजी मूळ डिजिटल चित्रे पेन ड्राइव्हवर द्यावीत. सीडी आता कोणाच्या घरी चालते? एमएस हा आजार २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मोडतो, तेव्हा अपंगत्व मंडळापुढेही याच नोंदी उपयोगी पडतात. आणि आपण, संपादक महोदय, एखाद्या रेडिओलॉजिस्टकडून या विषयावर सोप्या मराठीत लेख लिहवून घ्यावा, ज्यात यंत्र किती टेस्लाचे याला एकच ओळ असेल.

आमच्या घरी एक जाड वही आहे. तिच्यात प्रत्येक तपासणीची तारीख, यंत्र, काप, कॉन्ट्रास्ट दिले की नाही आणि त्या दिवशी बाहेर किती तापमान होते, हे सारे मुलीच्या अक्षरात आहे. पुढची नोंद नोव्हेंबरातली, त्याच यंत्रावरची असेल. त्या वहीच्या रकान्यांचा एक कोरा कागद मी छापून घेतला आहे. शहरातील कोणा रुग्णाला किंवा केंद्राला हवा असेल तर आपल्या कार्यालयात ठेवण्यासाठी शंभर प्रती आणून देईन, आणि कमी पडल्या तर वाटायला मी स्वतः फिरेन, आमच्या लश्कर भागातल्या गल्ल्या मला पाठ आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका
लश्कर, ग्वाल्हेर